अँटिव्हायरस निघत नाही, सेफ मोडमध्ये फोल्डर उडवला, आता फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांचा लॅपटॉप, विंडोज ११. घेतानाच दुकानदाराने अँटिव्हायरस घालून दिला होता, त्याची मुदत संपली. आता पैसे भरायचे नाहीत, विंडोजमधला डिफेंडरच पुरे, म्हणून तो काढायला गेलात तर त्याने पासवर्ड मागितला आणि तो घरात कुणालाच माहीत नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी चालू होतं ती अवस्था) जाऊन प्रोग्राम फाइल्समधला त्याचा फोल्डर डिलीट केलात. तेव्हापासून अनइन्स्टॉल दाबलं की 'फाइल सापडत नाही' असं येतं, विंडोज सिक्युरिटी अजूनही संरक्षण दुसऱ्या कंपनीकडे असल्याचं सांगते आणि वाय-फाय जोडलेलं दिसत असूनही मधूनच पानं उघडत नाहीत. भरीला उजव्या कोपऱ्यात भलत्याच कंपनीच्या नावाने 'तुमचा पीसी धोक्यात आहे' असे इंग्रजी मेसेज येतात. फॉरमॅट मारू का, असं विचारलंय.

एवढ्यात नको. तुमच्यासमोर एक अडचण नाही, तीन आहेत, आणि त्या एकमेकांत गुंतल्यामुळे मोठ्या वाटताहेत. एक, अर्धवट निघालेला अँटिव्हायरस. दोन, त्याने विंडोजमध्ये ठिकठिकाणी करून ठेवलेल्या नोंदी, ज्या फोल्डर उडवून जात नाहीत. तीन, कोपऱ्यातले मेसेज, ज्यांचा अँटिव्हायरसशी बहुधा काही संबंध नाही. तिसरी दोन मिनिटांची आहे, तिच्यापासून सुरुवात करू.

तो मेसेज पुढच्या वेळी आला की बंद करण्याआधी नीट बघा. नावाशेजारी किंवा मजकुराखाली बारीक अक्षरांत 'गूगल क्रोम' किंवा 'मायक्रोसॉफ्ट एज' आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसतोय का? दिसत असेल तर तो ब्राउझरने दाखवलेला जाहिरातीचा मेसेज आहे. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या साइटवर कधीतरी 'अलाऊ' दाबलं गेलं की त्या साइटला असे मेसेज पाठवायची परवानगी मिळते, मग ती कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं नाव आणि लोगो लावून घाबरवत राहते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसलेल्या सगळ्या काढून टाका. एजमध्येही अशीच यादी असते. त्या मेसेजवर मात्र एकदाही क्लिक करू नका, 'अनसबस्क्राइब'वरसुद्धा नाही.

आता मूळ दुखणं. साधं सॉफ्टवेअर निघतं आणि अँटिव्हायरसच का अडून बसतो, हे कळलं तर पुढच्या पायऱ्या आपोआप पटतील. मशीनमध्ये शिरलेला व्हायरस सर्वांत आधी अँटिव्हायरसच बंद पाडायला बघतो, आणि एकदा आत आला की तो बहुधा तुमच्याच ॲडमिन अधिकाराने चालत असतो. म्हणून अँटिव्हायरसला ॲडमिनवरही भरवसा ठेवून चालत नाही. त्याच्या फाइली, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या मध्यवर्ती वहीतल्या) नोंदी आणि चालू प्रोसेस यांना कुणी हात लावला की त्याचा कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा, ड्रायव्हर ती कृती अडवतो. याला सेल्फ-प्रोटेक्शन किंवा सेल्फ-डिफेन्स म्हणतात. विंडोज ८.१ पासून तर अँटिव्हायरसची मुख्य सर्व्हिस 'प्रोटेक्टेड' प्रोसेस म्हणून चालवायची सोय खुद्द विंडोजनेच केली आहे. टास्क मॅनेजरमधून ती बंद करायला गेलात की ॲडमिन असूनही 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं ते त्यामुळे. हा बिघाड नाही. कुणी जबरदस्तीने हटवू नये, हेच त्याचं काम आहे.

सेफ मोडमध्ये हे ड्रायव्हर बहुतेक करून लोड होत नाहीत, म्हणून तुम्हाला फोल्डर डिलीट करता आला. पण त्या फोल्डरमध्ये असतो फक्त दिसणारा भाग. ड्रायव्हरच्या फाइली विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये असतात, सेटिंग्ज आणि क्वारंटाइन (संशयित म्हणून पकडून बंद ठेवलेल्या फाइली) प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये, नेटवर्कवरची चाळणी नेटवर्क कार्डाच्या यादीत, आणि 'या मशीनचं संरक्षण मी करतो' ही नोंद विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये. हे सगळं मागे घेणारा अनइन्स्टॉलर त्या उडवलेल्या फोल्डरमध्ये होता. म्हणजे घर सोडणाऱ्या भाडेकरूचा करार रद्द न करता त्याचं सामान तेवढं बाहेर फेकल्यासारखं झालं.

उरलेले ड्रायव्हर अजून जिवंत आहेत का, ते बघता येतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा, आणि एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. फाइल सिस्टमवर बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरची यादी येते. तिच्यातला 'ॲल्टिट्यूड' हा रकाना बघा. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटिव्हायरससाठी राखीव आहे. त्यात 'डब्ल्यूडीफिल्टर' दिसला तर तो डिफेंडरचा स्वतःचा, त्याला धक्का लावायचा नाही. त्याच पट्ट्यात आणखी एखादं नाव असेल तर जुन्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर प्रत्येक फाइल उघडताना अजूनही मध्ये येतोय.

इथून पुढचं काही प्रमाणात परिस्थितीवर अवलंबून आहे: कंपनी कोणती, आवृत्ती किती जुनी, आणि लॅपटॉप खरंच घरचा आहे की नाही. हे शेवटचं मुद्दाम विचारतो, कारण नोकरी सोडताना कंपनीकडून विकत घेतलेले लॅपटॉप घरोघरी असतात. त्यांच्यावरचा अँटिव्हायरस व्यवसायासाठीच्या मालिकेतला असतो आणि त्याचं कुलूप कंपनीच्या सर्व्हरवरून लागलेलं असतं. तो त्या कंपनीच्या आयटी विभागाकडून पासवर्ड किंवा टोकन घेऊनच काढायचा. आणि लॅपटॉप अजून ऑफिसच्याच मालकीचा असेल तर त्याला हात लावू नका, मशीन कितीही मंद चालो.

काम सुरू करण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण निम्म्या लोकांची रात्र तीच न केल्यामुळे जाते. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. चालू असेल तर सेफ मोडकडे जाताना विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर त्या खात्यात शिरून की कागदावर उतरवून घ्या. दुकानदाराने सेटअप करताना स्वतःचा किंवा त्या वेळी बनवलेला कुठलातरी ईमेल टाकला असेल तर की त्या खात्यात असणार. ती हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच वडील रोज चार आकडी पिनने लॉगिन करत असतील तर तो पिन सेफ मोडमध्ये चालेलच असं नाही. खात्याचा खरा पासवर्ड काय आहे ते आधी नेहमीच्या मोडमध्ये तपासून ठेवा.

क्वारंटाइनकडेही एकदा बघायला हवं. एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा मॅक्रो असलेली एक्सेल फाइल चुकून पकडली गेलेली असू शकते. अँटिव्हायरस पूर्ण निघाला की क्वारंटाइनमधलं सगळं त्याच्याबरोबर जातं. शिवाय काही संचांमध्ये 'व्हॉल्ट' म्हणजे कुलूपबंद फोल्डर आणि पासवर्ड मॅनेजर असतो. वडिलांनी त्यात काही ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा. प्रोग्राम गेल्यावर तो व्हॉल्ट उघडणं अवघड होऊन बसतं.

आता प्रत्यक्ष काढणं. तुमच्यासारख्या अर्धवट स्थितीत मी पहिला उपाय करतो तो ऐकायला उलटा वाटतो: तोच अँटिव्हायरस पुन्हा टाकायचा. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं उत्पादन, कारण 'इंटरनेट सिक्युरिटी' आणि 'टोटल सिक्युरिटी' यांचे इन्स्टॉलर वेगळे असू शकतात. निर्मात्याच्या अधिकृत साइटवरून उतरवा आणि आहे त्यावरच चालवा. लायसन्स संपलेलं असलं तरी बहुधा इन्स्टॉल होऊ देतात किंवा ट्रायल म्हणून चालवतात. यामुळे गेलेल्या फाइली जागेवर येतात, अनइन्स्टॉलर परत येतो, आणि कुठला ड्रायव्हर, कुठली नोंद मागे घ्यायची हे त्याला ठाऊक असतं. रजिस्ट्रीत तासभर शोधाशोध करण्यापेक्षा वीस मिनिटांचं हे काम केव्हाही बरं. इन्स्टॉलर 'आधीच इन्स्टॉल आहे' म्हणून अडला तर मात्र तिथे वेळ न घालवता खाली सांगितलेल्या रिमूव्हल टूलकडे वळा.

पासवर्डचं काय? हा विंडोजचा पासवर्ड नव्हे. अँटिव्हायरसच्या सेटिंग्ज कुणी बदलू नयेत म्हणून त्यातच लावलेला असतो. आधी दुकानदाराला फोन करा. बरेच दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठरावीक पासवर्ड लावतात आणि विचारला तर सांगतात. नाहीच मिळाला तर निर्मात्याच्या सपोर्टकडे जावं लागेल. ते प्रॉडक्ट की आणि नोंदवलेला मोबाइल नंबर किंवा ईमेल विचारतात. तो नंबरही दुकानदाराचाच निघण्याची शक्यता असते, तेव्हा बिल किंवा की छापलेलं खोकं हाताशी ठेवा.

पासवर्ड मिळाला की अँटिव्हायरस उघडून सेटिंग्जमध्ये सेल्फ-प्रोटेक्शन बंद करा, त्यालाच कुठे 'टॅम्पर प्रोटेक्शन' म्हणतात. मग कंट्रोल पॅनलमधल्या 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मधून अनइन्स्टॉल करा. सेटिंग्ज ॲपमधूनही होतं, पण कंट्रोल पॅनलमध्ये आकारमान आणि तारीख एका नजरेत दिसते. इंटरनेट चालू राहू द्या, कारण काही कंपन्या काढताना लायसन्स सर्व्हरवर मोकळं करतात, जे मुदत शिल्लक असलेल्यांना दुसऱ्या मशीनवर वापरता येतं. मध्येच 'व्याख्या फाइली (व्हायरस ओळखायच्या याद्या), सेटिंग्ज किंवा लायसन्स ठेवू का' असं विचारलं तर काहीही ठेवू नका, पूर्ण काढायचा पर्याय निवडा. ती सोय पुन्हा इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी असते. आणि त्याच यादीत त्याच कंपनीचा ब्राउझर, व्हीपीएन, 'ट्यून-अप' किंवा 'वेब ॲडव्हायझर' असं काही वेगळं दिसलं तर तेही एकेक करून काढा. मुख्य प्रोग्राम गेला म्हणून ही पिलावळ जात नाही, आणि 'अँटिव्हायरस परत आला' अशी तक्रार पुष्कळदा तिच्यामुळेच होते.

यानंतर रीस्टार्ट. शट डाउन करून पुन्हा चालू करणं नाही, रीस्टार्टच. हा फरक फार जणांना माहीत नसतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन केल्यावर कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जतन होते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे लोड झालेले ड्रायव्हर जसेच्या तसे. वापरात असलेल्या फाइली 'पुढच्या बूटला पुसा' अशी जी यादी अनइन्स्टॉलर मागे ठेवतो, ती अमलात यायला खरा रीस्टार्ट लागतो. रोज रात्री लॅपटॉप बंद करूनही अँटिव्हायरसचे अवशेष जात नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

हे जमलं नाही, किंवा पुन्हा इन्स्टॉलच होत नाही, तर रिमूव्हल टूल. प्रत्येक मोठी कंपनी स्वतःचं टूल फुकट देते. मॅकॲफीचं 'एमसीपीआर', नॉर्टनचं 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल' ज्यात प्रगत पर्यायांमध्ये 'फक्त काढा' निवडावं लागतं, अवास्टचं 'अवास्ट क्लिअर', एव्हीजीचं तसंच वेगळं, कॅस्परस्कीचं 'केएव्हीरिमूव्हर', ईसेटचं 'ईसेट अनइन्स्टॉलर', बिटडिफेंडरचं अनइन्स्टॉल टूल. आपल्याकडे सर्रास दिसणारा क्विक हील असेल तर कंपनी पुण्याचीच आहे, टूल आणि पासवर्डसाठी थेट त्यांच्याच सपोर्टकडून मदत घ्या. टूल दर वेळी ताजं उतरवा. दोन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर ठेवलेलं नव्या आवृत्तीला ओळखत नाही. आणि काही टूलदेखील पासवर्ड विचारतात, त्यामुळे वर सांगितलेली फोनाफोनी टळेलच असं नाही.

अमेरिकेतल्या कुणी हे वाचत असेल तर एक जोड: तिथे २०२४ मध्ये कॅस्परस्कीवर बंदी आल्यावर सप्टेंबरमध्ये बऱ्याच ग्राहकांच्या मशीनवर त्याच्या जागी 'अल्ट्राएव्ही' आपोआप बसवला गेला. स्वतः न टाकलेलं हे नाव यादीत दिसलं तर तो व्हायरस नाही, नेहमीसारखा अनइन्स्टॉल करायचा प्रोग्राम आहे.

ही टूल्स सेफ मोडमध्ये चालवायची की नेहमीच्या मोडमध्ये, ते कंपनीगणिक बदलतं. ईसेटचं सेफ मोडमध्येच चालवायचं, अवास्टचं स्वतःच सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करू का विचारतं, मॅकॲफीचं नेहमीच्या मोडमध्ये चालतं. ईसेटच्या टूलने नेटवर्कच्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात, म्हणून हाताने टाकलेला आयपी पत्ता किंवा डीएनएस असेल तर आधी लिहून ठेवा. टूल आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, कारण साध्या सेफ मोडमध्ये इंटरनेट नसतं. तिथे जायची वाट अशी: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ आकडा. एमएसकॉन्फिगमधून 'सेफ बूट'वर टिक करायचा मार्ग मला पसंत नाही. ती टिक काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उठतं, आणि तिथे पिन चालला नाही तर तुम्ही दाराबाहेर राहता.

एक सापळा इथेच आहे. सेफ मोडमध्ये कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केलं तर कित्येकदा 'विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस कुड नॉट बी ॲक्सेस्ड' असा एरर येतो. लोक म्हणतात विंडोजच बिघडलं. तसं नसतं. एमएसआय पद्धतीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरमार्फत, टाकलेले प्रोग्राम काढायला जी सर्व्हिस लागते ती सेफ मोडमध्ये चालूच होत नाही. म्हणजे नेहमीचं अनइन्स्टॉल नेहमीच्या मोडमध्ये, आणि सेफ मोड फक्त रिमूव्हल टूलसाठी. याच्याच नात्यातला दुसरा एरर म्हणजे एमएसआय फाइल सापडत नाही, तिचा पत्ता द्या. विंडोज फोल्डरमध्ये 'इन्स्टॉलर' नावाचा लपवलेला फोल्डर असतो, त्यात प्रत्येक एमएसआय प्रोग्रामची प्रत राखलेली असते. जागा मोकळी करायला कुणी तो रिकामा केला की प्रोग्राम दुरुस्तही होत नाही आणि निघतही नाही. त्यावरही उपाय तोच: त्याच आवृत्तीचा मूळ इन्स्टॉलर मिळवा किंवा टूल वापरा.

रेव्हो वगैरे सर्वसाधारण अनइन्स्टॉलर वापरू का, हे पुढे कुणीतरी विचारेलच. साध्या सॉफ्टवेअरला चांगले आहेत. अँटिव्हायरसला मी ते लावत नाही. ते उरलेल्या फाइली आणि नोंदी शोधून पुसतात, पण ड्रायव्हर आधी यंत्रणेतून सोडवायचा आणि मग फाइल पुसायची, हा क्रम त्यांना माहीत नसतो. क्रम चुकला की काय होतं त्याचा एक नमुना देतो. काही अँटिव्हायरस बँकेचे पासवर्ड चोरले जाऊ नयेत म्हणून कीबोर्डच्या ड्रायव्हरवरही आपला फिल्टर बसवतात. रजिस्ट्रीत कीबोर्डच्या वर्गाखाली 'अपरफिल्टर्स' नावाची नोंद असते, तिच्यात 'केबीडीक्लास' या विंडोजच्या ड्रायव्हरशेजारी त्याचं नाव येतं. आता फिल्टरची फाइल पुसली पण हे नाव राहिलं, तर विंडोज नसलेला ड्रायव्हर शोधत बसतं आणि कीबोर्ड मरतो. नवा यूएसबी कीबोर्ड आणून लावला तरी उपयोग नाही, कारण नोंद एका कीबोर्डाची नसून सगळ्या कीबोर्डांच्या वर्गाची आहे. तुमच्यावर ही वेळ आलीच तर लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड घ्या आणि माऊसने पासवर्ड टाका. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास याखाली ४डी३६ई९६बी ने सुरू होणारी की उघडून 'अपरफिल्टर्स'मध्ये केबीडीक्लास तेवढं ठेवा, बाकीचं नाव काढा, रीस्टार्ट करा. ती सबंध नोंद मात्र डिलीट करू नका, केबीडीक्लास गेलं तरी कीबोर्ड चालत नाही. हाच प्रकार डिस्कच्या फिल्टरबाबत झाला तर मशीन निळ्या पडद्यावर अडकतं. म्हणून सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर फाइली हाताने पुसायच्या नाहीत, त्या कंपनीच्या नावाच्या दिसल्या तरीही.

अँटिव्हायरस निघाल्यावर वाय-फायची तक्रार राहते का बघा. जोडणी दिसते पण पानं उघडत नाहीत, याची साधारण तीन कारणं. बहुतेक वेळा नेटवर्कवरचा फिल्टर मागे राहिलेला असतो. कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये वाय-फायवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत जुन्या कंपनीच्या नावाची ओळ असेल तर ती निवडून 'अनइन्स्टॉल' दाबा. नुसती टिक काढून थांबू नका. दुसरं, प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्या मधल्या पत्त्यावरून वळवली जाते तो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे हाताने टाकलेला पत्ता चालू असेल आणि तो तुम्ही टाकलेला नसेल तर बंद करा. तरीही जमलं नाही तर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रीसेट'. त्याने नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवली जातात आणि विनसॉकसह (विंडोजचा नेटवर्कशी बोलणारा भाग) बाकीचं मूळपदावर येतं. वाय-फायचा पासवर्ड मात्र पुन्हा टाकावा लागेल, तो आधी विचारून ठेवा.

तिसरं कारण थोडं लपलेलं आहे. कुलूपचिन्ह असलेल्या सुरक्षित साइट तपासायला अँटिव्हायरस स्वतःचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये घालतो आणि ब्राउझर व साइट यांच्या मध्ये उभा राहतो. तो अर्धवट गेला की बँकेच्या साइटवर 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येऊ लागतं. स्टार्टमध्ये 'मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स' शोधा, 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज'खालची यादी उघडा. जुन्या अँटिव्हायरसच्या नावाचं सर्टिफिकेट असेल, जसं अवास्टच्या बाबतीत 'वेब/मेल शील्ड रूट', तर तेवढंच काढा. अनोळखी नावं बरीच दिसतील, ती जगभरच्या खऱ्या प्रमाणपत्र संस्थांची असतात, त्यांना हात लावायचा नाही.

आता डिफेंडर. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असेपर्यंत तो स्वतः बाजूला होतो, कारण दोघं एकाच फाइलवर एकाच वेळी तुटून पडले तर मशीन गोठतं. नोंद गेली की तो आपणहून उठतो, फार तर एका रीस्टार्टनंतर. विंडोज सिक्युरिटी ॲपमध्ये डावीकडे खाली सेटिंग्ज, त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. तिथे जुन्याचं नाव अजून असेल तर रिमूव्हल टूल आणखी एकदा चालवा, बहुधा त्याने जातं. नाव गेलं पण डिफेंडर चालू होत नाही आणि 'सेटिंग्ज संस्थेकडून नियंत्रित आहेत' असं दिसतं, तर रजिस्ट्रीत एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर इथे बघा. 'डिसेबल अँटिस्पायवेअर' किंवा 'डिसेबल रिअलटाइम मॉनिटरिंग' अशी नोंद १ वर ठेवलेली असू शकते. घरच्या मशीनवर ती असायचं कारण नाही. ती की आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग ती नोंद काढा. डिफेंडर जागा झाला की 'प्रोटेक्शन अपडेट्स' दाबा, आणि एकदा फुल स्कॅन करा, कारण मधले काही दिवस मशीन राखणीशिवाय होतं.

एवढं करूनही हटत नसेल तरी पेनड्राइव्हवरून फॉरमॅट नाही. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', त्यात 'कीप माय फाइल्स'. कागदपत्रं राहतात, टाकलेले सगळे प्रोग्राम जातात. 'क्लाउड डाउनलोड' निवडलंत तर विंडोजची ताजी प्रत उतरते, त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर 'लोकल रीइन्स्टॉल' घ्या. मध्ये 'रिस्टोअर प्रीइन्स्टॉल्ड ॲप्स' असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप कंपनीने कारखान्यातूनच घातलेला ट्रायल अँटिव्हायरस परत हजर होईल.

पैशांची बाजूही लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. तुमच्याकडे मुदत संपली आहे, पण मधल्या काळात कुणी ऑनलाइन नूतनीकरण केलं असेल तर कार्डावर किंवा यूपीआयवर ऑटोपेची परवानगी दिलेली असू शकते. यूपीआय ॲपमधला 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभाग बघा, कार्डासाठी बँकेचं ॲप. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आवर्ती पैसे वळते करण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि तिच्यातूनच तो व्यवहार थांबवायची सोय असते. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे ती सूचना नजरेआड झाली की पैसे गेले. अँटिव्हायरसच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तिथलंही 'ऑटो-रिन्युअल' बंद करा.

सपोर्टचा नंबर गूगलवर शोधून पहिल्या दिसलेल्याला फोन लावू नका. तो निर्मात्याच्या साइटवरून किंवा खोक्यावरून घ्या. अँटिव्हायरस काढून देतो, उरलेले पैसे परत करतो असं सांगत एनीडेस्क (दुरून तुमचा पडदा हाताळू देणारं ॲप) टाकायला लावणारे भामटे याच शोधावर टपलेले असतात. पडदा त्यांच्या हाती गेला आणि बँकेचं ॲप उघडलं गेलं तर लगेच इंटरनेट तोडा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.

तुमच्या मशीनवर पुन्हा इन्स्टॉल करून काढणं यातच काम व्हावं. नाही झालं तर तीन गोष्टी लिहा: अँटिव्हायरसचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, एररचा मजकूर जसाच्या तसा, आणि एफ-एल-टी-एम-सी ची यादी. त्यावरून कुठला ड्रायव्हर अडलाय ते सांगता येईल.